बाईच्या पायात काय आहे?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी कोल्हापुरात झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

बोलायला लागण्याआधी एक काम सांगते. दारात काढून ठेवलेल्या आपापल्या चपला घेऊन या आणि पुढ्यात उलट्या ठेवा. हसू नका, खरंच आणा. शिबिरात आपण रक्त तपासतो, वजन करतो, पण चप्पल कुणी तपासत नाही. आज ती तपासू.

आता तळ बघा. टाच बाहेरच्या कडेला थोडी झिजली असेल तर काळजी करू नका. चालताना बहुतेकींची टाच बाहेरच्या कडेनंच आधी टेकते. आतली कड जास्त झिजली असेल तर पाऊल आतल्या बाजूला कलंडतंय. चवड्याखाली एकाच जागी खड्डा पडला असेल तर सगळा भार तिथं येतोय. पुढचं टोक घासलं असेल तर पाय पुरता उचलला जात नाही, फरफटतो. आणि दोन चपलांची झीज अगदी वेगवेगळी असेल, तर दोन्ही पाय सारखं काम करत नाहीत. रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्या जुन्या कारागिराला हे सगळं वाचता येतं. आपल्याला येत नाही, कारण आपल्या पायांकडे बघायची आपल्याला सवयच नाही. पैंजण-जोडवी घालायला पाय पुढे करतो तेवढंच.

माझी एकोणीस वर्षं

माझी चप्पल इथंच आहे. बघा, डावीचा तळ उजवीपेक्षा जाड आहे. लपवायचं काही नाही. चार वर्षांची असताना मी माळ्यावरून पडले आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. आपल्या भागात तालमीतले वस्ताद हाड बसवतात, तसं ते बसवलं गेलं. हाड जुळलं, पण टोकं एकमेकांवर चढून जुळलं. पाय अडीच सेंटिमीटरनं आखूड राहिला. म्हणजे दोन बोटांच्या रुंदीपेक्षाही थोडा कमी फरक.

आता ऐका. त्या अडीच सेंटिमीटरवर उपाय काय होता? डाव्या चपलेचा तळ जाड करणं. एवढंच. ऑपरेशन नको, औषध नको. आणि तो उपाय माझ्यापर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली.

त्या एकोणीस वर्षांत काय झालं? शाळेत "लंगडी" हे नाव मिळालं. आई दिवसातून दहा वेळा सांगायची, "नीट चाल". नीट चालायचं म्हणजे डाव्या पायाच्या चवड्यावर चालायचं, म्हणजे लचक दिसत नाही. मी तसं चालायला शिकले. पोटरी कायमची आखडली, कंबर दुखायला लागली. एकदा वडील म्हणाले होते, दवाखान्यात दाखवू, बूट करून घेऊ. तर आज्जी म्हणाली, "पोरीच्या जातीला बूट कशाला? चारचौघांत उठून दिसंल." माझ्या आज्जीनं मला जीव लावला, ती दुष्ट नव्हती. तिला एवढंच माहीत होतं की मुलीचं व्यंग झाकायचं असतं. बूट घातला असता तर व्यंग कमी झालं असतं, पण ते जाहीर झालं असतं.

बघायला पाहुणे आले की मला आधीच बसवून ठेवायचे. पोह्यांच्या बशा वहिनी द्यायची. एका बैठकीत पाहुण्यातल्या बाई म्हणाल्या, "जरा आतनं पाणी आणती का?" मला चालवून बघायचं होतं. मी उठले, चवड्यावर चालत गेले आणि आत जाऊन रडले. लग्न मोडल्याचं रडू नव्हतं ते. बाजारात जनावर चालवून बघतात तसं मला बघितलं, त्याचं होतं.

पुढं एम.एस.डब्ल्यू.ला असताना क्षेत्रकार्यासाठी मला अपंगांच्या एका शिबिरात पाठवलं. रांगेतल्या लोकांची नावं लिहून घ्यायचं माझं काम. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मला टेबलापासून दारापर्यंत दोनदा जाता-येता बघितलं आणि म्हणाल्या, "तू रांगेत का नाहीस?" त्यांनी मला भिंतीजवळ उभं केलं, डाव्या पायाखाली एकेक लाकडी फळी सरकवली आणि मागून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून बघत राहिल्या. एका क्षणी म्हणाल्या, "आता समपातळीत." त्या फळ्यांवर मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही टाचा टेकून सरळ उभी होते. मला भोवळ आल्यासारखं झालं. सरळ उभं राहणं मला वाकडं वाटत होतं!

चप्पल काय करू शकते

आता थोडं शास्त्र. मी डॉक्टर नाही. पण जे समजून घेतलंय ते सोपं करून सांगते.

एका पावलात २६ हाडं असतात. चालताना टाच टेकते, मग पाऊल पूर्ण टेकतं, शरीर त्याच्यावरून पुढं जातं आणि शेवटी अंगठ्याच्या बुडावर जोर देऊन आपण पाय उचलतो. एका पायाच्या फेऱ्यात साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. या साखळीतला एक दुवा बिघडला की त्याची भरपाई दुसरा अवयव करतो. पावलाचं दुखणं गुडघ्यात, गुडघ्याचं कमरेत जातं ते असं. "माझी कंबर धरलीय" म्हणणाऱ्या बाईच्या पायाकडे म्हणून आधी बघायला हवं.

चपलेत किंवा बुटात बदल करून चार कामं साधता येतात.

पहिलं, उंची भरून काढणं. सेंटिमीटरभर उंची बुटाच्या आत घालता येते. त्याहून जास्त असेल तर ती तळाला बाहेरून लावावी लागते, नाहीतर टाच बुटातून वर निघते. सगळा फरक एकदम भरत नाहीत. मला आधी एक सेंटिमीटर दिली, महिन्याभरानं आणखी एक. उरलेला अर्धा आजही तसाच आहे, त्यानं काही अडत नाही. उंची टाचेखाली पुरी असते, चवड्याखाली थोडी कमी आणि बोटांकडे उतरती, म्हणजे पाऊल पुढं लोटणं सोपं जातं. वजनानं ती हलकी हवी.

दुसरं, भार वाटून देणं. चवडा दुखणाऱ्या बाईला बोटांच्या बुडाखाली नाही, तर त्याच्या किंचित मागं एक छोटी गादी लावतात. भार त्या गादीवर येतो आणि दुखरी जागा मोकळी होते. गादी अर्ध्या बोटानं पुढं गेली तर दुखणं वाढतं. म्हणून जागा महत्त्वाची. सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेत सुई टोचल्यासारखं होतं, असं किती जणी सांगतात! त्यांना टाचेखाली मऊ गादी, तळव्याच्या कमानीला आधार आणि पोटरी ताणण्याचा रोजचा व्यायाम यांनी बहुतेक वेळा आराम पडतो. वेळ मात्र लागतो, काही महिनेसुद्धा.

तिसरं, पाऊल कलंडू न देणं. आत कलंडणाऱ्या पावलाला टाचेच्या आतल्या बाजूला पाचर लावतात, कमानीखाली आधार देतात. पाऊल लोंबकळत असेल, म्हणजे चालताना वर उचललंच जात नसेल, तर पोटरीच्या मागून तळव्याखाली येणारा प्लॅस्टिकचा आधार देतात. पोलिओनं अशक्त झालेल्या पायाला कॅलिपर देतात. भारताला पोलिओमुक्त म्हणून २०१४ मध्ये प्रमाणपत्र मिळालं, पण त्याआधी पोलिओ झालेल्या बायका आपल्यातच आहेत. मांडीवर हात दाबत चालणारी बाई तुम्ही पाहिली असेल. गुडघा दुमडून पडू नये म्हणून तिचा हातच कॅलिपरचं काम करत असतो.

चौथं, हालचाल सोपी करणं. अंगठ्याचा सांधा आखडला असेल तर होडीच्या बुडासारखा पुढून वर वळलेला तळ लावतात. पाऊल न दुमडता त्यावरून पुढं गडगडतं.

आणि काय करू शकत नाही

हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. मोठ्या माणसाचं हाड चप्पल सरळ करत नाही. मोतीबिंदू नसलेल्या डोळ्याला चष्मा जसा मदत करतो, तशी ती मदत करते. काढली की संपलं. माझा पाय आजही अडीच सेंटिमीटर आखूडच आहे.

लहान मुलांच्या सपाट पायांचं तर मोठं दुकान मांडलं गेलंय. ओल्या पायाचा फरशीवर उमटलेला ठसा बघून आई घाबरते, आणि महागडे बूट गळ्यात मारले जातात. पण लहान मुलांचे तळवे सपाटच असतात. कमान हळूहळू, वाढत्या वयात तयार होते. मूल चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर बहुतेक वेळा काहीच करायला लागत नाही. सुधारक बूट घातल्यानं कमान लवकर तयार होत नाही, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासानं १९८९ मध्ये दाखवलं. आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातले डॉक्टर राव आणि डॉक्टर जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. त्यांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पायात काही न घालणाऱ्या मुलांत सपाट पाय २.८ टक्के, आणि घालणाऱ्यांत ८.६ टक्के! पुढून बंद बूट घालणाऱ्या मुलांत सगळ्यात जास्त. म्हणजे अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या आईनं अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तिनं ते पैसे पोराच्या पोटात घालावेत.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून?

पण एका पावलाच्या बाबतीत थांबून चालत नाही. जन्मतःच आत वळलेलं पाऊल, ज्याला क्लबफूट म्हणतात. हजार बाळांत साधारण एकाला ते असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. अशा बाळाच्या आईला पहिला प्रश्न काय विचारतात ठाऊक आहे ना? "ग्रहणात काय केलंतीस? भाजी चिरलीस? पायावर पाय टाकून बसलीस?" ग्रहणाचा आणि पावलाचा काडीचा संबंध नाही. पण बाळाच्या पायाला प्लास्टर चढायच्या आधी आईच्या कपाळी दोष चढलेला असतो.

यावर पोन्सेटी पद्धत आहे. दर आठवड्याला हलक्या हातानं पाऊल थोडं वळवून प्लास्टर घालतात, अशी पाच-सहा प्लास्टरं. बहुतेक बाळांना टाचेमागची शीर सैल करण्यासाठी एक छोटा छेद लागतो. पाऊल सरळ होतं. आणि खरी परीक्षा इथून पुढं सुरू होते. दोन बूट एका पट्टीला जोडलेले असतात. ते पहिले तीन महिने दिवसातले २३ तास आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे. ते सोडले की पाऊल परत वळतं. पाऊल परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

हे बूट घालायचं काम घरात कुणाचं? आईचं. बाळ पहिले काही दिवस रडतं. सासू म्हणते, "काढ ते बेड्या." आमच्या एका वस्तीत एका सुनेला ते बूट लपवून ठेवायला लागायचे, सगळे झोपल्यावर ती मुलीला घालायची. मुलीचे दोन्ही पाय आज सरळ आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून क्लबफूटचा समावेश आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला आणि आशाताईला विचारा. पण प्लास्टर फुकट मिळालं म्हणून काम झालं नाही. चार वर्षं त्या आईच्या पाठीशी कुणी उभं राहायचं, हा आपला प्रश्न आहे.

उंबरठ्याच्या आत

आता माझ्या चुकीबद्दल बोलते.

आमच्या गटात एक मावशी होत्या. पाच घरची धुणीभांडी करायच्या. साखरेचा आजार दहा-बारा वर्षांचा. पायाला मुंग्या येत होत्या, नंतर मुंग्याही थांबल्या. मावशी म्हणाल्या, "ताई, आता बरं वाटतंय, पाय काही म्हणत न्हाईत." मैत्रिणींनो, मधुमेहात पाय गप्प झाले की ती धोक्याची घंटा असते. नसांची जाणीव गेलेली असते. खडा टोचला, चटका बसला, फोड आला, काहीच कळत नाही.

मी मावशींना दवाखान्यात नेलं. त्यांना एम.सी.आर. म्हणजे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल मिळाली. अंगठ्यात अडकणारा पट्टा नाही, मागून पट्टा, आत कुठं खिळा नाही. कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्यांसाठी ही चप्पल आधीपासून वापरात आहे. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यानं जखमा होत राहतात आणि त्यातून पायाची नासाडी होते. तीच गोष्ट मधुमेहातल्या बधिर पायाची.

मी मावशींना बजावून सांगितलं, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही." त्यांनी मान हलवली. मी वहीत लिहिलं: पादत्राण दिले, समुपदेशन केले.

सहा महिन्यांनी त्यांच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली. हाडापर्यंत गेली. अंगठा काढावा लागला. मी चिडून म्हणाले, "मावशी, चप्पल का घालत नव्हता?" त्या शांतपणे म्हणाल्या, "घालत हुते की. घरापासनं त्येंच्या दारापतूर घालत हुते."

त्यांच्या दारापर्यंत! पाच घरं, प्रत्येक घराच्या दारात चप्पल काढायची. आत ओल्या मोरीत, गरम पाणी सांडलेल्या फरशीवर दिवसाचे सात-आठ तास अनवाणी. मी त्यांना चालण्याची चप्पल दिली होती, पण त्यांचं काम उभं राहण्याचं होतं आणि ते उंबरठ्याच्या आत होतं. मी हे विचारलंच नव्हतं. मी स्वतः जाड तळाची चप्पल घालून फिरणारी बाई, घरात शिरल्यावर मीसुद्धा पुन्हा लंगडतेच की! तरी मला सुचलं नाही.

बुटातले हे सगळे बदल जिथं शोधले गेले तिथं माणसं घरातही बूट घालतात. आपल्याकडे बाई दिवसातला बहुतेक वेळ घरात, स्वयंपाकघरात, शेतात असते, आणि तिथं ती अनवाणी असते. उकिडवी बसते, मांडी घालते. ते ध्यानात न घेता दिलेलं साधन कपाटात जातं, आणि मग अहवालात लिहितात, "लाभार्थी साधनाचा वापर करत नाही". आपल्या जगण्याला जुळणारं साधन करता येतं, याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवला, तो अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, शेतात उतरता यावं म्हणूनच. एक कारागीर आणि एक डॉक्टर एकत्र बसले तेव्हा हे झालं.

मावशींसाठी आम्ही काय केलं? गटातल्या चौघीजणी पाचही घरी गेलो. म्हटलं, घरात वापरायची एक वेगळी, धुतलेली चप्पल मावशी तुमच्याकडे ठेवतील. दोन घरांनी लगेच मान्य केलं. एका घरी तर त्या बाई स्वतः मधुमेही निघाल्या, घरात सपाता घालूनच वावरणाऱ्या. चौथ्या घरी, "स्वयंपाकघरात देवघर आहे" म्हणाले, मग मोरी आणि मागचं अंगण एवढ्यापुरतं मान्य केलं. पाचव्या घरानं नाही म्हटलं. ते घर मावशींनी सोडलं. त्या घरचा पगार बुडाला, तो आम्ही भरून देऊ शकलो नाही. हेही सांगितलं पाहिजे.

"चप्पल बाहेर काढा" ही फक्त स्वच्छतेची गोष्ट असती तर धुतलेली चप्पल चालली असती. कुणी कुणाच्या दारावरून चप्पल घालून जायचं नाही, सासऱ्यासमोर सुनेनं पायात काही घालायचं नाही, हे नियम आपल्याच गावांत होते. पायताण ही जातीची आणि बाईपणाची पायरी दाखवणारी वस्तू राहिली आहे. ती पायरी मोरीच्या उंबरठ्यावर अजून शिल्लक आहे.

आणि नवरात्रातलं अनवाणी चालणं. अंबाबाईला अनवाणी जाणाऱ्या बायकांना मी नावं ठेवत नाही. माझी आई जायची. पण पाय बधिर असलेल्या बाईला गटानं समजावून सांगावं की यंदा नवस दुसऱ्या रीतीनं फेडू. एकटीला देवीची भीती वाटते. चौघी सोबत असल्या की कमी वाटते.

चप्पल करणाऱ्या बाया

आपण कोल्हापुरात बसून चपलेविषयी बोलतोय आणि कोल्हापुरी चपलेचं नाव काढायचं नाही, असं कसं चालेल? २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल, कोल्हापूरचं नाव न घेता, दाखवली आणि केवढा गहजब झाला! कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. ते योग्यच झालं. पण चपलेवरची ती नाजूक वेणी कोण घालतं? बहुतेक घरांत बाया. विणणं, शिवणं, भोकं पाडणं हे काम घरातल्या घरात, वाकून, तासन्‌तास. दुकानाच्या पाटीवर नाव पुरुषाचं. या बायांच्या गुडघ्या-पाठीचं काय होतं, हे कुठल्याच मानांकनात येत नाही.

कोल्हापुरी चप्पल पायाला चांगली की वाईट, असं मला बऱ्याच जणी विचारतात. धडधाकट पायाला बोटं मोकळी ठेवणारी, सपाट चप्पल चांगलीच. टाचेला उंच, बोटांना चेपणाऱ्या सँडलपेक्षा केव्हाही बरी. पण बधिर पायाला ती नको, कारण तळ कडक असतो आणि अंगठा अडकवायच्या जागी घासून जखम होते. लोंबकळणाऱ्या पावलाला नको, कारण मागून पट्टा नाही.

पण या कारागिरांचा हात मात्र हवा. माझ्या पहिल्या चपलेची उंची लावली ती एका कारागीर दादांनी. तंत्रज्ञ बाईंनी माप कागदावर लिहून दिलं होतं. दादांनी थरावर थर चिकटवून, कडा तासून अशी बेमालूम लावली की दुकानातलीच वाटावी. दीडशे रुपये घेतले. एकोणीस वर्षांचा प्रश्न दीडशे रुपयांत सुटला. दादांच्या बायकोनं मला चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. मला बघायला आलेल्या सगळ्या माणसांत आवडलेलं ते एकच बघणं.

आपण काय करायचं

कायदा आपल्या बाजूनं आहे, पण अर्धाच. १९९५ चा अपंगांचा कायदा जाऊन २०१६ चा आला. त्याच्या चौथ्या कलमात अपंग स्त्रियांचा आणि मुलांचा वेगळा उल्लेख आहे. पण साधनं देणाऱ्या सरकारी योजनांसाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. माझं प्रमाण त्याच्या जवळपासही जात नाही. टाच दुखणारी, चवडा दुखणारी, पाय बधिर झालेली बाई तर कुठल्याच यादीत नाही. अपंग नाही आणि धडही नाही, अशा या बाया आहेत. त्यांचा आवाज महिला गटांनीच व्हायला हवं. आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यामुळे "हे आपल्या आवाक्यातलं नाही", असं कोल्हापूरच्या बायकांनी तरी म्हणू नये.

परत गेल्यावर चार गोष्टी करा.

एक. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघा. कुठं दुखतं, किती तास उभं राहायला लागतं, आणि त्यातले किती तास अनवाणी, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा विसरू नका, मी विसरले होते.

दोन. मधुमेही बायांचे पाय तपासा. तिला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या बोटानं एकदोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर दवाखान्यात घेऊन जा. ही चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी घरच्या माणसांना करता यावी म्हणून बसवली. तिला कुठलंही यंत्र लागत नाही. आणि चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायची सवय सगळ्यांना लावा.

तीन. माप तज्ज्ञाकडून, काम कारागिराकडून. आपल्या मनानं पाचर लावू नका, चुकीच्या बाजूला लागली तर गुडघ्याला महागात पडते. पण एकदा माप लिहून मिळालं की नवी चप्पल दरवेळी शहरातून आणायची गरज नाही. आपल्या गावातल्या चप्पल करणाऱ्या दादांना आणि ताईंना बैठकीला बोलवा.

चार. घरकामगार बायांच्या मागण्यांची यादी कराल तेव्हा पगार, सुट्टी, बोनस यांच्या खाली एक ओळ लिहा: कामाच्या घरात पायात चप्पल घालण्याची मुभा. लोक हसतील. आज सकाळी मी चपला आत आणायला सांगितल्या तेव्हा तुम्हीही हसलात.

मावशी आता चार घरं करतात. तीन ठिकाणी दारामागं त्यांची निळी चप्पल असते आणि चौथ्या ठिकाणी मोरीत. मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या, "ताई, त्या पाचव्या घरच्या बाईनं निरोप धाडलाय. चप्पल चालंल म्हणाल्या. जाऊ का?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवा." त्या म्हणाल्या, "पगार वाढवून मागते, मग बघते."

आता आपापल्या चपला घाला. आतच घाला, दारात जायची गरज नाही. पुढची चर्चा आपण चपला घालूनच करू.